पोट उडतंय, डॉक्टर



ज्यांच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिलेलं आहे, त्यांना आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणत असू. सरकारी रुग्णालयातल्या लहान मुलांच्या वॉर्डात त्यांनी उभी हयात काढली. बालरोगशास्त्राचा माझा पहिला धडा मला त्यांनी दिला. आजचा विषयही त्या धड्यातूनच निघाला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

श्रावणातली रात्र होती. मी नवा निवासी डॉक्टर. दीड महिन्याचं एक बाळ आलं. अंगावर झबलं, त्यावर स्वेटर, त्यावर दुपटं, वरून शाल. आई सांगत होती, "दोन दिवस नाक वाहत होतं. आज सकाळपासून पीत नाही. आणि पोट उडतंय, डॉक्टर." मी शालीच्या फटीतून स्टेथोस्कोप आत सरकवला, घरघर ऐकली आणि केसपेपरवर भराभर चार इंजेक्शनं लिहिली. बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी केसपेपर हातात घेतलाच नाही. दुपटं सोडलं, स्वेटर गळ्यापर्यंत वर केला, आईला म्हणाल्या, "मांडीवर शांत धर, आत्ता पाजू नको." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "डॉक्टर, आधी उघडून बघा. मिनिटभर बघा. मग लिहा."

मी घड्याळ धरून पाहिलं. मिनिटाला ७४ श्वास. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची जागा खोल आत जात होती आणि पोट वर उचललं जात होतं. नाकपुड्या फुलत होत्या. आई दारातच जे बोलली होती तेच निदान होतं, आणि मी ते ऐकूनही ऐकलं नव्हतं.

त्या बाळाचं पुढे काय झालं ते सांगेनच. आधी त्याला काय झालं होतं ते पाहू.

या आजाराला ब्रॉन्किओलायटिस म्हणतात. घरात त्याला 'छाती भरली', 'कफ झाला' म्हणतात, कुठे 'डबा झाला' म्हणतात. दोन वर्षांखालच्या, त्यातही पहिल्या सहा महिन्यांतल्या बाळांचा हा आजार. त्याला कारण होणारे विषाणू अनेक आहेत, पण सर्वांत मोठा वाटा एकाचा, आरएसव्हीचा, म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरसचा. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो. उत्तर भारतात त्याचा जोर थंडीत असतो. आपल्याकडे पाऊस मुरला की वॉर्ड भरू लागतात.

श्वासनलिका म्हणजे उलटं टांगलेलं झाड समजा. घशापाशी खोड, मग दोन मोठ्या फांद्या, त्यांच्या फांद्या, आणि शेवटी अगदी बारीक डहाळ्या. त्या डहाळ्यांच्या टोकाला हवेच्या पिशव्यांची पानं. हा विषाणू डहाळ्यांच्या आतल्या अस्तरात शिरतो. अस्तराच्या पेशी मरून गळतात, भिंत सुजते, चिकट स्राव सुटतो आणि या सगळ्याचा मिळून लगदा होतो. बाळ श्वास घेतं तेव्हा छाती फुगते, त्याबरोबर डहाळी थोडी उघडते आणि हवा कशीबशी आत जाते. श्वास सोडताना डहाळी आक्रसते आणि हवा आतच अडकते. म्हणून छाती फुगलेली दिसते आणि सोडत्या श्वासाला शीळ ऐकू येते. जिथे डहाळी पुरती बुजते, तिथली हवा रक्तात शोषली जाते आणि फुप्फुसाचा तेवढा भाग मिटतो. रक्त तिथून जातं, पण ऑक्सिजन न घेताच परततं.

मग तोच विषाणू आजोबांना साध्या सर्दीवर सोडतो आणि नातवाला रुग्णालयात का पाठवतो? याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. बारीक नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर तिच्यातून हवा वाहायला होणारा विरोध दुप्पट किंवा चौपट होत नाही, तो १६ पट होतो. मोठ्या माणसाच्या रुंद नळीला केसभर सूज जाणवतही नाही. बाळाच्या नळीत तेवढ्याच सुजेला वाट उरत नाही. म्हणून तान्ह्या बाळाच्या आजाराचं मोजमाप घरातल्या मोठ्यांच्या सर्दीवरून करू नये. पाचवीला, बारशाला आलेला पाहुणा "मला काय, जरा नाक गळतंय" म्हणत बाळाचा पापा घेतो, तेव्हा त्याला हा १६ पटींचा हिशेब ठाऊक नसतो. त्याचा यात दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नाही. बाळाला उचलण्याआधी साबणाने हात धुवा, सर्दी असेल तर लांबूनच आशीर्वाद द्या, एवढंच मागणं आहे. हा विषाणू खोकल्या-शिंकांच्या थेंबांतून जातो तसा हातांवरून आणि खेळण्यांवरूनही जातो, आणि टणक पृष्ठभागावर काही तास टिकतो. बहुतेक घरांत तो बालवाडीत जाणाऱ्या थोरल्या भावंडाबरोबर येतो.

आजाराची चाल ठरलेली असते आणि ती आईवडिलांना आधीच सांगून ठेवली की अर्धी घालमेल कमी होते. पहिले दोन-तीन दिवस नाक वाहतं, शिंका येतात, थोडी कणकण. मग खोकला सुरू होतो आणि श्वास वाढतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आजार शिखरावर असतो. त्यानंतर उतार. मात्र खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी दाखवलेलं बाळ चौथ्या दिवशी जास्त आजारी दिसलं, तर औषध चुकलं असंच नाही. आजार आपल्या वाटेने चालला आहे. पण नेमकं याच वळणावर घाबरून डॉक्टर बदलला जातो, नवी चिठ्ठी, नवी औषधं येतात, सहाव्या दिवशी बाळ आपोआप सुधारतं आणि श्रेय शेवटच्या बाटलीला मिळतं. माझ्या पिढीच्या अनेक डॉक्टरांचा हात 'गुणाचा' ठरला तो असा. मी स्वतःला त्यातून वगळत नाही.

बघायचं काय, हे सांगतो. लिहून घ्यायचं असेल तर हेच लिहून घ्या. बाळ शांत असताना किंवा झोपलेलं असताना छाती-पोट उघडं करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही, मध्येच क्षणभर थबकतो आणि मग भराभर चालतो. दोन महिन्यांखालच्या बाळात ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते का, नाकपुड्या फुलतात का, प्रत्येक श्वासाबरोबर मान डोलते का, श्वास सोडताना बाळ कण्हतं का, तेही त्याच मिनिटात दिसतं. ओठ-जीभ निळसर होणं, पिणं बंद होणं, प्यायलेलं सगळं उलटून पडणं, झटके, हाक मारूनही जाग न येणं, यातलं काहीही दिसलं तर मोजत बसू नका, निघा. पिणं नेहमीच्या निम्म्यावर आलं किंवा लंगोट ओले होणं कमी झालं, तरी त्याच दिवशी दाखवा.

एक गोष्ट या मोजणीत सापडत नाही, आणि ती मला एका बाळाने शिकवली. आठव्या महिन्यात जन्मलेलं, पाच आठवड्यांचं. नाक वाहत होतं, श्वास ४४, छाती आत ओढली जात नव्हती. मी आईला धीर दिला, घरी पाठवलं. पहाटे झोपेत त्याचा श्वास थांबला. पहिल्या दोन महिन्यांत, आणि दिवस पुरे न भरता जन्मलेल्या बाळांत, हा विषाणू कधी कधी धाप न लागताच श्वास थांबवतो. हे पुस्तकात होतं आणि मी ते वाचलेलं होतं. त्यानंतर एवढ्या लहान बाळाला, दिवस न भरलेल्या बाळाला किंवा जन्मतः हृदयदोष असलेल्या बाळाला नुसती सर्दी असली, तरी मी रात्रभर नजरेखाली ठेवलं. नातेवाईक चिडले तरी ठेवलं.

आता उपचार. इथे मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण या आजारात काय द्यावं यापेक्षा काय देऊ नये याची यादी मोठी आहे, आणि ती ऐकायला कुणालाच आवडत नाही.

श्रावणातल्या त्या बाळाकडे परत येतो. बाईंनी नळीने त्याचं नाक साफ केलं, नाकाला ऑक्सिजनची बारीक नळी लावली. श्वास एवढा जलद असताना पाजलं तर दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती, म्हणून नाकातून पोटात नळी घातली. आईला दूध काढायला लावलं आणि ते थोडं थोडं नळीतून दिलं. डोकं-छाती उंचावर ठेवली. दर तासाला मोजणी. मी लिहिलेल्या चारांपैकी तीन औषधं त्या रात्री रुग्णालयाच्या भांडारात नव्हती आणि बाहेरून आणायला त्या वडिलांकडे पैसे नव्हते. चौथ्या दिवशी बाळ छातीशी ओढून पिऊ लागलं, सहाव्या दिवशी घरी गेलं. तेव्हा मला वाटलं की औषधांशिवाय ते सुदैवाने वाचलं. ती तीन औषधं मिळाली असती तरी काही बदललं नसतं, हे कळायला पुढची कित्येक वर्षं लागली.

विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. सोबत जिवाणूंचा संसर्ग आहे असं मानायला ठोस कारण असेल तरच ते द्यावं. स्टिरॉइडने या बाळांचे रुग्णालयातले दिवस कमी होत नाहीत, हे मोठ्या चाचण्यांत दिसलेलं आहे. मशीनची 'वाफ', म्हणजे नेब्युलायझरमधलं साल्ब्युटामॉल, दम्यात जीव वाचवतं, कारण दम्यात नळीभोवतीचे स्नायू आवळलेले असतात. इथे नळी सुजेने आणि लगद्याने बुजलेली आहे. स्नायू सैल करून लगदा हलत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने आपल्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्यांदाच होणाऱ्या ब्रॉन्किओलायटिसमध्ये साल्ब्युटामॉल, अॅड्रेनलिन, स्टिरॉइड देऊ नये असं स्पष्ट सांगितलं. एक्स-रेचीही सरसकट गरज नाही. उलट, मिटलेल्या भागाची सावली एक्स-रेवर न्यूमोनियाच्या डागासारखी दिसते आणि प्रतिजैविकाला दार उघडून देते. मोठ्या मुलाला वारंवार धाप लागत असेल, घरात दम्याचा इतिहास असेल, तर हिशेब वेगळा. पण सहा महिन्यांच्या बाळाला पहिल्यांदा शीळ वाजली म्हणून 'बाळदमा' असा शिक्का मारून वर्षभर पंप लिहून देऊ नये. या आजारानंतर काही मुलांना पुढची काही वर्षं सर्दीबरोबर शीळ येत राहते, एवढं आईवडिलांना सांगून ठेवावं.

मग उरतं काय? उरतात तीन गोष्टी: नाक, पोट आणि ऑक्सिजन. पहिल्या काही महिन्यांत बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं, त्यामुळे नाक चोंदलं की पिणं आणि श्वास यांत झगडा सुरू होतो. पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत सलाइनचे दोन-तीन थेंब, मग हलकेच साफ करणं, एवढ्याने बरीच बाळं घरच्या घरी निभावून जातात. एका वेळी कमी, पण वारंवार पाजायचं. ते जमत नसेल तर नळीने, तेही नसेल तर शिरेतून पाणी. आणि रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली गेला तर ऑक्सिजन. फार थोड्यांना त्यापुढचा आधार लागतो, नाकातून दाबाने हवा किंवा कृत्रिम श्वासयंत्र.

लोक विचारतात, "बस, एवढंच? औषध नाही?" मी त्यांना सांगतो, हेच औषध आहे, आणि हे करायला चोवीस तास जागं माणूस लागतं. एक इंजेक्शन टोचायला अर्धं मिनिट लागतं. दर दोन तासांनी नळीतून वीस मिली दूध द्यायला, नाक साफ करायला, श्वास मोजून लिहायला परिचारिका लागते, आणि एका परिचारिकेकडे चाळीस खाटा असतील तर ते होत नाही. तेव्हा आम्ही इंजेक्शन लिहितो. आपल्या रुग्णालयांत या आजाराला जी नको ती औषधं जातात, त्यातली बरीचशी माणसांच्या कमतरतेची भरपाई म्हणून जातात, असं माझं अनेक वर्षांचं मत आहे.

घरगुती उपायांबद्दलही बोललं पाहिजे. नाकात तेल सोडू नका, ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं. कापराचा बाम तान्ह्याच्या छातीला, नाकाला चोळू नका, कापराने झटके येऊ शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको. शेगडीवर ओवा-शेपांची धुरी बाळंतिणीला कितीही प्रिय असो, सुजलेल्या डहाळ्यांना धूर हा धूरच आहे, मग तो चुलीचा असो की बिडीचा.

आणि खोकल्याचं औषध. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचं पातळ औषध घेतलेली वीसहून जास्त मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यांतली बरीचशी नागपूरला उपचारासाठी आणलेली होती. औषधात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष निघालं. याच विषाने १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून १४ रुग्ण दगावले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला होता. छिंदवाड्यानंतर केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची अशी औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा नकोत. ती मुलं साध्या खोकल्या-तापाची होती. बाटली निर्भेळ असती तरी तिने त्यांचा खोकला एक दिवसही आधी थांबवला नसता. मला त्या बातम्या वाचवत नव्हत्या.

या विषाणूचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात विज्ञानाची एक मोठी ठेच आहे. १९५६ मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेतल्या सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये तो प्रथम सापडला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक यांनी बाल्टिमोरच्या आजारी बाळांमध्ये तोच शोधून काढला. काचेच्या नळीत वाढवला की तो शेजारच्या पेशी एकमेकींत विरघळवून एकच मोठी पेशी करतो, त्यावरून त्याला 'सिन्सिशियल' हे नाव पडलं. लस करायचं ठरलं. पोलिओच्या सॉल्क लशीचा नमुना समोर होता: विषाणू फॉर्मेलिनने मारायचा आणि टोचायचा. १९६६ मध्ये तशी लस बाळांना दिली गेली. पुढच्या हिवाळ्यात विषाणू आला. वॉशिंग्टनमध्ये लस दिलेल्या ३१ बाळांपैकी २० जणांना संसर्ग झाला, आणि त्या २० पैकी १६ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. लस न दिलेल्यांत हे प्रमाण सुमारे ५ टक्के होतं. लस दिलेली दोन बाळं दगावली. संरक्षण करायला दिलेल्या लशीने आजार वाढवला होता.

त्यानंतर जवळजवळ अर्धं शतक या लशीकडे हात न्यायला सगळे बिचकत होते. चूक कुठे झाली, ते उमगायला विषाणूच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाचा आकार पाहावा लागला. हे प्रथिन पेशीला चिकटण्याआधी एका आकारात असतं आणि चिकटताना झटकन दुसऱ्याच आकारात पालटतं. फॉर्मेलिनच्या लशीत ते आधीच पालटलेलं होतं. म्हणजे शरीराला चोराचा चेहरा दाखवायचा सोडून चोर पळून गेल्यावर पडलेला सदरा दाखवला गेला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आधीचा आकार टिपला आणि तसाच गोठवून धरायची युक्ती काढली. पुढे हीच विचारसरणी करोनाच्या काट्याच्या प्रथिनाला लावली गेली, आणि कोविडच्या अनेक लशी त्यावर उभ्या राहिल्या. जगात कितीतरी जणांच्या दंडात गेलेल्या एमआरएनए लशींच्या मुळाशी ही बाळांच्या खोकल्याची गोष्ट आहे.

आज दोन साधनं हाताशी आली आहेत. एक, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईला द्यायची लस. आईच्या रक्तातले प्रतिपिंड वारेतून बाळात उतरतात. पहिल्या तीन महिन्यांत तीव्र आजारापासून सुमारे ८० टक्के संरक्षण चाचण्यांत दिसलं. दुसरं, निर्सेविमॅब नावाचं तयार प्रतिपिंडाचं इंजेक्शन. ते थेट बाळाला, एकदाच. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात २०२३ च्या हिवाळ्यात जवळजवळ सगळ्या बाळांना ते दिलं, आणि या आजाराने दाखल होणाऱ्या बाळांची संख्या झपाट्याने खाली आली. आपल्या सरकारी लसीकरणात ही साधनं अजून नाहीत. आणि जगभरात या विषाणूने दगावणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलांचा २०१९ सालचा अंदाज आहे सुमारे एक लाख. त्यांतली ९७ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. साधन एकीकडे, बाळं दुसरीकडे, अशी ही स्थिती आहे, आणि ती मला अस्वस्थ करते. पुण्यात न्यूमोकोकस या जिवाणूवरची स्वस्त लस बनली आणि देशभरच्या बाळांपर्यंत पोचली. याही बाबतीत ते होऊ शकतं.

तोवर काय? त्याचं उत्तर आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला आणि गोळी द्यायला शिकवलं. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दायांसाठी त्यांनी एक साधन बनवलं: मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि तारेतले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर न्यूमोनिया. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष आले. उपचार मिळालेल्या गावांत न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकी ०.८ टक्के दगावली, तुलनेच्या गावांत १३.५ टक्के. अक्षर न वाचता येणाऱ्या बाईने वाळू आणि मणी घेऊन हे करून दाखवलं.

इथे कुणी मला विचारील, मघाशी तर प्रतिजैविक नको म्हणालात, आणि ही गोळी प्रतिजैविकाचीच होती. प्रश्न रास्त आहे. दूरच्या पाड्यावर, जिथे तपासणी नाही, तिथे जलद श्वास विषाणूचा की जिवाणूचा हे ठरवता येत नाही, आणि त्या काळी जिवाणूंचा न्यूमोनिया मुलांना भराभर नेत होता. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा नियम आजही असा आहे की जलद श्वासाच्या मुलाला अॅमॉक्सिसिलिन द्यावं. त्या नियमाशी माझं भांडण नाही. माझं भांडण शहरातल्या त्या चिठ्ठीशी आहे, जिथे तपासणीची सगळी सोय असताना, श्वास न मोजताच, तिसऱ्या पिढीचं प्रतिजैविक लिहिलं जातं.

पाहण्याचीच आणखी एक गोष्ट. मेळघाटात कोरकू वस्त्यांवर बाळाचं पोट फुगलं, उडू लागलं, की तापलेल्या विळ्याने पोटावर चटके देतात. त्याला 'डंबा' म्हणतात. त्यावर आपण शहरात बसून संतापतो, आणि चटके थांबलेच पाहिजेत यात शंका नाही. पण मला त्यात दुसरंही काही दिसतं. फुप्फुसात हवा अडकून ती फुगली की छाती आणि पोट यांमधला पडदा खाली दाबला जातो, यकृत खाली सरकतं, पोट मोठं दिसतं आणि श्वासागणिक उडतं. त्या घराने ते पाहिलं. रात्री, चुलीच्या उजेडात पाहिलं. श्रावणातल्या त्या रात्री शालीच्या फटीतून स्टेथोस्कोप सरकवणाऱ्या माझ्यापेक्षा त्यांनी बाळाकडे जास्त नीट पाहिलं होतं. त्यांना एवढंच कुणी सांगितलं नव्हतं की दुखणं पोटाचं नाही, छातीचं आहे, आणि जिथे ऑक्सिजन आहे असं ठिकाण त्यांच्यापासून दोन डोंगर पलीकडे होतं. मेळघाटातच 'महान' संस्थेने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेबरोबर गावागावांत जाऊन दोन वर्षांखालच्या मुलांत आरएसव्ही शोधला, कारण जी बाळं घरीच जातात ती रुग्णालयाच्या कुठल्याच वहीत सापडत नाहीत.

करोनाने आपल्याला ऑक्सिजनचे प्रकल्प दिले. पण टाकी असून भागत नाही. बाळाच्या नाकात बसेल अशी बारीक नळी लागते, मिनिटाला अर्धा लिटर मोजणारं मीटर लागतं, आणि ऑक्सिमीटरचा मोठ्यांच्या बोटाचा चिमटा बाळाच्या बोटाला बसत नाही, तळपायाला गुंडाळायची पट्टी लागते. ढाक्यात डॉ. चिश्ती यांनी शॅम्पूची रिकामी बाटली, पाणी आणि नळी वापरून बुडबुड्यांच्या दाबाचं साधन उभं केलं. त्यांच्या चाचणीत, २०१५ मध्ये 'लॅन्सेट'ने छापल्याप्रमाणे, साध्या ऑक्सिजनवरची १५ टक्के मुलं दगावली, बुडबुड्यांच्या दाबावरची ४ टक्के. मात्र त्या बाटलीशेजारीही शिकवलेला डॉक्टर आणि जागी परिचारिका होतीच.

आपल्या तालुक्याच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळाची पट्टी असलेला ऑक्सिमीटर आहे का, बारीक नळ्या आहेत का, हे मी या महिन्यात स्वतः जाऊन पाहतो आहे. चार केंद्रं झाली. पट्टी दोन ठिकाणी मिळाली, त्यातली एक तुटलेली होती. या व्याख्यानमालेचं मानधन मी उरलेल्यांसाठी ठेवलं आहे. कुणाला भर घालायची असेल तर कार्यकर्त्यांशी बोलावं.

आणि सभागृहाबाहेर पायऱ्यांपाशी परिचर्या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी टेबल मांडून बसल्या आहेत. त्यांच्याकडे घड्याळ आहे आणि एका तान्ह्या बाळाच्या श्वासाची चित्रफीत आहे. ज्यांच्या घरी लहान बाळ आहे किंवा येणार आहे, त्यांनी जाताना तिथे थांबून एकदा मोजून पाहावं. आजीआजोबांनी आधी, कारण दुपारी बाळ त्यांच्याच मांडीवर असतं. दहा मिनिटं लागतात.